नवऱ्याच्या सहीखाली

"सगळ्या पानांवर काकांचीच सही आहे ना?" विम्यासाठी किंमत ठरवायला आलेल्या मुलीनं कॉमिक्सचं मूळ चित्र उजेडात धरलं. "त्यांच्या हातच्या पानांना आज फार मागणी आहे."

"त्यांचा हात थरथरायला लागल्यापासूनची सगळी पानं माझी आहेत," सरोजिनीबाई म्हणाल्या. "सहीसुद्धा मीच करायचे. वाचक त्यांनाच ओळखतात, असं प्रकाशक म्हणाले, आणि मी गप्प बसले."

त्यांचा मुलगा शिरीष चपापला. "आई, हे आता कशाला?"

मुलीनं दोन पानं शेजारी ठेवून बराच वेळ निरखली. मग संकोचून म्हणाली, "रेषेचं वळण वेगळं आहे खरं. पण काकू, तुमचं नाव बाजारात कुणाला माहीत नाही. तसं नोंदवलं, तर किंमत निम्म्याच्याही खाली येईल. विमा तेवढ्याचाच होईल."

"होऊ दे. उद्या आग लागली तर माझी चित्रं जळतील. भरपाई त्यांच्या नावानं घ्यायची होय?"

"बाबांच्या नावाचं काय?" शिरीष पुटपुटला.

"इतकी वर्षं मीच सांभाळलं ना ते? आता माझं सांभाळते."

सरोजिनीबाईंनी टाक शाईत बुडवला. सवयीनं हात नवऱ्याच्याच सहीचं वळण घेऊ लागला, तो त्यांनी आवरला आणि त्या सहीखाली स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. अक्षरं जरा वाकडी आली.

शाई वाळायच्या आत त्या मुलीनं दुसरं पान त्यांच्यापुढे सरकवलं.