निरोपाच्या प्रसंगाचा आवाज

मूकपटांचे दिवस भरले होते, पण बाईंचे नव्हते. निदान बाईंचं मत तसं होतं. त्यांचा नवा प्रेमपट मुका चित्रित झाला होता आणि आता चित्रपट कंपनीच्या मालकांना तो बोलका हवा होता. बाईंचा आवाज जमला नाही, तर पडद्यावर त्यांच्या तोंडी दुसऱ्याच मुलीचा आवाज घालायचं ठरलं होतं.

“माझ्या तोंडात दुसरीची जीभ? बघतेच!” असं म्हणून बाई माइकसमोर उभ्या राहिल्या.

पडद्यावर निरोपाचा प्रसंग लागला. बाईंना म्हणायचं होतं, “तुमच्याशिवाय मी कशी जगू?” पण ओठ काही जुळेनात. जुळणार कसे? चित्रीकरणाच्या वेळी शब्द कुणाला ऐकू जाणार नव्हते, म्हणून डोळ्यांत पाणी आणून बाई नायकाला म्हणाल्या होत्या, “मेल्या, माझ्या पायावरून बाजूला हो.”

“पुन्हा एकदा घेऊ,” काचेमागून रेकॉर्डिस्ट म्हणाला.

“एकदा काय, दहादा घ्या!” बाईंनी घसा ओला करायला पाण्याचा पेला तोंडाला लावला. तेवढ्यात पडदा उजळला.

“तुमच्याशिवाय मी कशी जगू?”

आवाज बाईंचाच होता. पडद्यावरचे ओठ त्याच्याशी तंतोतंत जुळले.

“वा, बाई! पास!” रेकॉर्डिस्टने टाळ्या पिटल्या.

बाईंच्या तोंडात अजून घोट होता. तो गिळून त्या ठणकावून म्हणाल्या, “अहो, मी बोललेच नाही!”

रेकॉर्डिस्टने हेडफोन कानांवर घट्ट दाबले. मग काचेला नाक लावून तो बाईंकडे बघत राहिला.

“बाई, नुसते ओठ काय हलवताय? जरा आवाज काढून बोला की.”