मूळ स्थिती

सायकलची साखळी त्याने सर्वांत शेवटी काढली. कापणी-मळणीच्या त्या अवाढव्य जुन्या यंत्रात वडिलांच्या हातची तेवढी एकच खूण उरली होती. तिच्या जागी त्याने परदेशातल्या एका संग्राहकाकडून मागवलेला रुंद पट्टा चढवला, कंपनीच्या पुस्तिकेतल्या आकृतीशी ताडून पाहिला आणि समाधानाने हात पुसले. यंत्राच्या अस्सलपणाचे प्रमाणपत्र देणारे परीक्षक दहा वाजता येणार होते. शेतात गहू वाळून उभा होता, आणि संध्याकाळी पाऊस येणार असल्याचे रेडिओ सकाळपासून तीनदा बजावून गेला होता.

वडील शेडच्या दाराशी पालथ्या बादलीवर बसले होते.

"ती साखळी मी हौसेनं घातली नव्हती," ते म्हणाले.

"बाबा, जुगाड होता तो. एवढं जातिवंत यंत्र, आणि त्याला सायकलची साखळी! बघणारा काय म्हणेल?"

"तेहतीस वर्षं बघतायत की लोक. कुणी काही म्हणालं नाही. गहूसुद्धा काही म्हणाला नाही."

शहरात इतिहास शिकवण्यात उमेदीची वर्षे घालवून मुलगा दोन वर्षांपूर्वी घरी परतला होता. शेतीतले आपल्याला कळत नाही हे तो प्रांजळपणे कबूल करी. पण जुन्या वस्तूंवर त्याची खरीखुरी माया होती. त्या मायेपोटीच त्याने यंत्राच्या शुद्धीकरणाचा घाट घातला. पलंगाच्या पट्ट्या ठोकून वडिलांनी बनवलेली चाळणी गेली. टाकीचा पत्रा कापून केलेली पंख्याची पाती गेली. दाणे पेंढ्याबरोबर उडून जाऊ नयेत म्हणून मागे लावलेली रबरी झालर गेली. प्रत्येकाच्या जागी अस्सल भाग आला, त्यावर अस्सल विटकरी रंगाचा हात बसला. काढलेले सारे भंगारवाला घेऊन गेला. त्या दिवशी वडील जेवले नाहीत. पोट बरे नाही म्हणाले. 'मूळ' हा शब्द मुलाच्या तोंडी इतका बसला, की शेजारीपाजारी त्याला मूळपुरुष म्हणू लागले.

आज परीक्षक येण्याआधी एक भाड्याचे कापणीयंत्र रस्त्याने चालले होते. मुलाच्या बायकोने धावत जाऊन ते थांबवले.

"आज म्हणाल तर आज, वहिनी. नंतर आठवडाभर जमायचं नाही," चालक म्हणाला.

"घरचं यंत्र असताना भाड्याचं? तेही परीक्षकांच्या समोर?" मूळपुरुषाने हात हलवून त्याला पुढे घालवले.

"आणि वर्षभर काय प्रमाणपत्र दळून खायचं?" बायकोने विचारले.

"संध्याकाळच्या आत पाचही एकर मोकळे करून दाखवतो, मग बोल."

परीक्षक आले. जुन्या यंत्रांच्या जतनसंस्थेचे ते वयोवृद्ध गृहस्थ होते. त्यांनी पांढरे हातमोजे चढवले, खिशातून भिंग काढले आणि सतरंजी अंथरून पाठीवर आडवे होत यंत्राखाली सरकले. तीन तास त्यांचे फक्त बूट दिसत होते. त्यांनी बोल्टांवरचे आकडे वाचले, रंगाचा वास घेतला, पट्ट्याचे टाके मोजले. बायकोने दिलेला चहा निवून गेला. शेवटी ते बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे पाणावले होते.

"एकही उपरा भाग नाही," ते म्हणाले. "शंभरपैकी शंभर. माझ्या उभ्या आयुष्यात मी कुणाला दिले नव्हते."

मुलाने वडिलांकडे पाहिले. वडील आभाळाकडे पाहत होते. पश्चिम काळवंडली होती.

इंजिन पहिल्याच झटक्याला सुरू झाले. यंत्र डौलात गव्हात शिरले आणि पंधरा पावलांवर पट्टा घसरला, चाळणी तुंबली, पेंढ्याबरोबर दाण्यांचा पिवळा फवारा मागच्या मागे मातीत उडाला. मुलाने खाली उतरून अडकलेले ओढून काढले, पट्टा चढवला, पुन्हा सुरू केले. या खेपेस दहा पावले. तिसऱ्या खेपेस पाच. मग ते कण्हत जागच्या जागी उभे राहिले.

बायको घरातून तीन विळे घेऊन आली. एक तिने सासऱ्यांच्या हाती दिला, एक स्वतः घेतला, तिसरा यंत्राच्या पायरीवर ठेवला आणि दोघे बांधाकडून कापायला लागले. पाच एकरांपुढे ती दोन माणसे फार लहान दिसत होती.

मूळपुरुष पुस्तिका हातात घेऊन परीक्षकांकडे धावला. त्याचा आवाज रडवेला झाला होता.

"सगळं पुस्तकाबरहुकूम आहे ना? तुम्हीच पाहिलंत ना? मग बिघडलं कुठे?"

"बिघडलं?" परीक्षकांना खरोखरच नवल वाटले. "छे, छे, काहीही बिघडलेलं नाही! हे असंच होतं. या बनावटीची सगळी यंत्रं पहिल्याच हंगामात शेतात अशीच तुंबून बसली. कंपनीनं माफी मागून सापडली तेवढी परत नेली आणि वितळवली. म्हणून तर हे इतकं दुर्मिळ."

हवेत ओल्या मातीचा वास आला होता, आणि शेताच्या कडेला वाकलेले वडील एकेक मूठ कापत पुढे सरकत होते.

परीक्षकांनी हातमोजे काढले, नीट घडी करून खिशात ठेवले आणि अदबीने खालच्या आवाजात विचारले, "तुमच्या अर्जात एक ओळ आहे, की हे यंत्र याच शेतात तेहतीस हंगाम राबलं. ते कसं, हे आमच्या संस्थेत कुणालाच उमगलेलं नाही. तुम्हाला काही कल्पना आहे?"