मऊ स्प्रिंगांची गाडी

बाबूलालनं लाल गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला.

"ही घ्याल तर वारा," तो म्हणाला. मग शेजारच्या पांढऱ्या गाडीकडं मान वळवली. "आन ही घ्याल तर पलंग. तुमीच सांगा साहेब, काय पायजे."

बिदरला जुन्या गाड्या विकणारा बाबूलाल खोटं बोलत नव्हता. दोन्ही गाड्या लहान, मागचं दार वर उघडणाऱ्या. पण लाल गाडी हैदराबादच्या एका शौकिनानं करून घेतलेली होती. इंजिन मोकळं, स्प्रिंगा कडक. पळायची झकास, पण रस्त्यातला खडा न् खडा कंबरेला कळायचा. पांढरीला तेवढी ओढ नव्हती. तिच्या स्प्रिंगा मऊ, गाद्या जाड.

ज्ञानोबाचं मन लाल गाडीवर बसलं होतं. बिदरजवळच्या कोळारच्या कारखान्यात फोरमन झाल्यापासून त्याच्या डोक्यात एकच चित्र होतं. भालकीच्या रस्त्यावर गावच्या रामरावांची जीप चाललीय, आपण हॉर्न वाजवून तिला मागं टाकतोय, आणि सगळा धुरळा त्यांच्या तोंडावर.

त्याचं कारण भालकीजवळच्या त्यांच्या अख्ख्या मेहकर गावाला ठाऊक होतं. ज्ञानोबा लहान असताना त्याच्या बापाला नाग चावला. आई सरुबाई रामरावांच्या दारात जाऊन बसली. गावात गाडी त्यांचीच, आणि ती अंगणातच उभी होती. "गाद्या नव्या घातल्यात," रामराव ओट्यावरून म्हणाले. "तुमी लोक बसून गेल्यावर आमी कुठं बसायचं?" शेवटी भालकीच्या दवाखान्यात न्यायला बापाला बैलगाडीत घातलं. भालकी दिसायच्या आत तो गेला.

सरुबाईनं त्यावर पुन्हा शब्द काढला नाही. रामराव समोरून आले तर पदर सावरून बाजूला व्हायची. तिचं हे गप्प राहणं ज्ञानोबाला बापाच्या मरणाइतकंच सलायचं.

"आई, तू सांग," गाडी बघायला सोबत आलेल्या सरुबाईला तो म्हणाला.

सरुबाईनं दोन्ही गाड्यांत बसून पाहिलं. पांढरीच्या मागच्या गादीवरनं तिनं तळहात फिरवला.

"ही घे. दुखणाईत माणसाला निजवून न्यायला बरी हाय."

"ती पळत न्हाई, आई."

"कामून पळवायची? कुठं जायचंय आपल्याला?"

ज्ञानोबानं पांढरी घेतली. निघताना त्यानं लाल गाडीकडं वळून पाहिलं. आई सगळं विसरली, असं त्याला वाटलं.

पुढच्या उन्हाळ्यात सुटीच्या दिवशी तो मेहकरला आलेला असताना भर दुपारी पार्वतीबाई दारात आल्या. रामरावांची बायको. या वस्तीत त्या आयुष्यात कधी आल्या नव्हत्या, आणि आज पायात चप्पलही नव्हती.

"सरुबाई, यांच्या छातीत लई दुखायलंय. जीप घेऊन पोरगं उदगीरला गेलंय. डॉक्टर म्हणला, तडक बिदरला न्या."

आजवर त्या तिला 'सरे' म्हणत आल्या होत्या.

"गाडी बिघडलीय," ज्ञानोबा म्हणाला.

"न्हाई बिघडली," सरुबाई म्हणाली. खुंटीवरची किल्ली काढून तिनं त्याच्या हातात दिली. "ऊठ. मी बी येते."

रामरावांना मागच्या गादीवर निजवलं. त्यांचं डोकं सरुबाईनं आपल्या मांडीवर घेतलं. पार्वतीबाई पुढं बसल्या. गाव सुटलं तसं ज्ञानोबानं वेग वाढवला. मनात राग होता, पण हातात माणसाचा जीव होता.

"हळू, ज्ञानू," मागून आई म्हणाली. "हादरे बसायलेत त्यांना."

त्यानं वेग कमी केला. भालकीच्या पुढं रस्ता बरा लागला. त्यानं पुन्हा पाय दाबला.

"हळू, लेकरा. कळ उठायलीय त्यांना."

एका लिंबाच्या सावलीत तिनं गाडी थांबवायला लावली. पदर भिजवून रामरावांचं तोंड पुसलं. त्यांच्या ओठांना पाणी लावलं. ते तिच्याकडं एकटक बघत होते. त्यांनी काहीतरी बोलायचा प्रयत्न केला.

"बोलू नका," ती म्हणाली. "निवांत पडा. घाई न्हाई."

ज्ञानोबानं आरशात आईचा चेहरा पाहिला. त्याला भरून आलं. आपण इतकी वर्षं मनात विष सांभाळलं, आणि ही बाई त्याच माणसाचं डोकं मांडीवर घेऊन बसलीय. आईपुढं आपण फार लहान आहोत, असं त्याला वाटलं. बिदरपर्यंत तो ती सांगेल तसाच चालवत राहिला. मागून आलेल्या दोन ट्रका आणि एक लाल एस. टी. त्यांना ओलांडून गेली.

दवाखान्यात डॉक्टरांनी नाडी पाहिली, छातीला नळी लावली. मग नळी गळ्यात अडकवत ते म्हणाले, "वाटेत वेळ लई गेला. थोडं आधी आणलं असतं तर हाती लागले असते."

पार्वतीबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. रडता रडता त्यांनी सरुबाईचे हात धरले. "तुमी तरी काय करणार. फुलासारखं जपून आणलंत त्यांना. सख्ख्या बहिणीनं बी येवढं केलं नसतं."

सरुबाईनं त्यांचा ढळलेला पदर डोक्यावर नीट ओढून दिला. त्यांचा मुलगा येईपर्यंत ती त्यांच्याजवळ बसून राहिली. तो आल्यावर ती उठली.

गाडीत ती पहिल्यांदाच पुढं, ज्ञानोबाशेजारी बसली. बिदर मागं पडलं. मोकळा रस्ता लागला. ज्ञानोबा डोळे पुसत सावकाश चालवत होता.

सरुबाईनं काच पूर्ण खाली केली आणि वाऱ्यात तोंड धरलं.

"आता पळव की, ज्ञानू," ती म्हणाली. "बघू दे तरी, किती पळती ते."