आधीचा फोटो

"मला असं दिसायचंय," ग्रंथपालबाई म्हणाल्या आणि त्यांनी पर्समधून एक फोटो काढून टेबलावर ठेवला.

त्वचेच्या डॉक्टरांनी चष्मा लावून पाहिलं. निळ्या स्वेटरमधली हसरी बाई, शेजारी दप्तर घेतलेला मुलगा.

"कोण ही?"

"मीच. अठ्ठावीस वर्षांपूर्वीची."

डॉक्टरांनी समोरचा बासष्ट वर्षांचा चेहरा न्याहाळला. कपाळावर तीन आडव्या रेघा, भुवयांमध्ये दोन उभ्या, गाल उतरलेले.

"इतकं नाही जमायचं. पंचेचाळीसपर्यंत आणून सोडते. पण एका उपायाने भागणार नाही, सगळे जोडीने करावे लागतील. आधी पील, म्हणजे वरचा निस्तेज थर काढायचा. मग लेझर. मग कपाळाला इंजेक्शनच्या सुया, त्यांनी रेघा तीन-चार महिने मिटतात, आणि शेवटी गालांत फिलर, म्हणजे गाल भरून काढणारं जेल. मध्ये तीन-तीन आठवडे जाऊ द्यायचे. कापाकापी कुठेही नाही."

"म्हणजे पुस्तक तेच, बांधणी नवी."

"तसंच समजा. घरात लग्नबिग्न आहे का कुणाचं?"

"नाही. आईला दाखवायचंय."

डॉक्टर हसल्या. बाई हसत नाहीत हे पाहून थांबल्या.

आई सत्त्याऐंशी वर्षांची होती. तीन वर्षांपासून तिला एकेक गोष्ट आठवेनाशी झाली होती, आणि गेल्या वर्षापासून ती मुलीलाच आई म्हणू लागली होती.

"आई, भूक लागली. आई, केस विंचरून दे. गोळ्या घेते त्या माझ्याच हातून, तेही मुकाट्याने, आई रागावेल म्हणून. आणि दिवसभर विचारते, माझी चिमणी कधी येणार? चिमणी म्हणजे मी. समोरच बसलेली असते हो!"

"केस काळे करून पाहिलेत?"

"पाहिले. म्हणाली, आई, तुझ्या डोक्याला शाई कुणी फासली?"

डॉक्टरांना हसू आवरेना. बाईही हसल्या, मग त्यांनी चष्मा काढून पुसला. "एकदा तरी तिने मला चिमणी म्हणून हाक मारावी. बाकी मला कुणाला काही दाखवायचं नाही."

डॉक्टरांनी त्यांना खिडकीपाशी उभं करून फोटो काढला. "हा आधीचा. नंतर लोकांचा विश्वास बसत नाही, म्हणून." एक प्रत त्यांनाही दिली. वर माहितीपत्रक. ग्रंथपालबाईंनी ते तिथेच पेन्सिल घेऊन वाचलं आणि एका ओळीपाशी थांबल्या.

"फिलर विरघळवायचंही इंजेक्शन असतं?"

"असतं. पण चांगलं बसलेलं फिलर काढा म्हणून अजून माझ्याकडे कुणी आलेलं नाही."

बाईंनी ओळीखाली रेघ मारली. ती त्यांची सवयच होती.

पीलनंतर आठवडाभर चेहऱ्याचे पापुद्रे निघत होते. लेझरनंतर तो लालबुंद झाला. आईने जवळ येऊन त्यांच्या गालाला तळहात लावला.

"आई, ताप आलाय तुला. पड जरा. मी दंगा नाही करणार."

आणि खरंच ती दुपारभर पलंगाच्या कडेला शहाण्यासारखी बसून राहिली, त्यांचं बोट घट्ट धरून. बाईंना हसू आलं आणि वाईटही वाटलं. इतकी माया, पण दुसऱ्याच कुणाच्या नावावर!

सुया झाल्या, फिलर झालं, सूज उतरली. एका दुपारी त्यांनी खोलीतला पडदा अर्धा ओढला, ट्रंकेतला निळा स्वेटर घातला आणि बाहेर जाऊन बेल वाजवून पुन्हा आत आल्या.

आई नॅपकिनच्या घड्या घालत होती. तिने मान वर केली. बराच वेळ बघत राहिली.

"चिमणे!"

नॅपकिन खाली पडले.

"किती दिवसांनी आलीस गं! आणि वाळलीस केवढी. नवरा नीट वागतो ना?"

"वागतो," बाई म्हणाल्या. नवऱ्याला जाऊन सहा वर्षं झाली होती. त्यांनी आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. आई त्यांच्या केसांतून हात फिरवत राहिली, मधेच टोमणे मारत, मधेच स्वतःशी हसत. पूर्ण तासभर. एवढ्यासाठी चेहरा दहा वेळा सोलून घेतला असता, असं बाईंना वाटलं.

चार वाजले.

"आई, गोळ्या."

"ठेव तिकडे. मोठी आलीय मला शिकवणारी! मी आई आहे तुझी."

"बरं, केस तरी विंचरू?"

"काही नको. तुझं पोर शाळेतून येईल, दाराला कुलूप बघून रडेल. नीघ तू. आणि माझी काळजी करू नकोस. माझी आई असते ना इथे."

बाईंनी हातातला कंगवा खाली ठेवला.

"जवळच कुठे गेली असेल," आई म्हणाली. "ती आली की जेवेन मी. ती भरवते ना, ते बरं लागतं."

तिने खुर्ची सरकवून दाराकडे तोंड करून घेतली आणि हात मांडीवर ठेवून वाट बघत बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडला तेव्हा ग्रंथपालबाई पायरीवरच उभ्या होत्या. डॉक्टरांनी त्यांच्या तजेलदार गालांकडे अभिमानाने पाहिलं.

"मग? ओळखलं का?"

"पहिल्याच नजरेत. चिमणी म्हणाली."

"वा! माझ्या आजवरच्या कामातलं हे सगळ्यात चांगलं."

"खरंच चांगलं झालंय," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पर्समधून एक फोटो काढून टेबलावर ठेवला. खिडकीपाशी काढलेला. कपाळावर तीन आडव्या रेघा, भुवयांमध्ये दोन उभ्या, गाल उतरलेले.

"मला असं दिसायचंय."