चार लाल फडकी

पहिली काठी राफाएलच्या कानावर बसली. तो धुऱ्याच्या बांधावरून घसरला आणि धानाच्या बांधीत, पाणी भरलेल्या खाचरात, तोंडावर पडला. उठायला गेला तेव्हा दुसरी पाठीत बसली. तिसरी कुणाची ते त्याला दिसलं नाही. डोळ्यांत रक्त गेलं होतं.

दुपारचे बारा वाजत होते. मंदिरात सप्ताहाच्या शेवटच्या दिवसाचं, काल्याचं कीर्तन रंगात आलं होतं. भोंग्यावरून महाराजांचा गोड आवाज शिवारभर पसरला होता. गोपाळांनी शिदोऱ्या सोडल्या, महाराज सांगत होते. कुणाचा दहीभात, कुणाची कोरडी भाकर, देवानं सारं एकत्र कालवलं. इकडं बांधीत पाच जण एकाला मारत होते.

"बोल, कोनाचा मानूस होस तू?" डोमनलालनं केस धरून त्याचं तोंड वर केलं. "कोनाच्या सांगन्यावरून लावले हे झेंडे?"

हिरव्या धानाच्या मधोमध, बांबूच्या कामट्यांना बांधलेली चार लाल फडकी हलत होती. चौकोनात. सहा वर्षांपूर्वी डोमनलालच्या दुसऱ्या वावरात अशीच चार लागली होती. मोजणीवाले लावून गेले, आणि दिवाळीपर्यंत तिथं विमानतळाचं तारेचं कुंपण आलं. उरली होती ती एवढीच दोन एकर.

"नावच इमानाचं आहे याचं," पाचांतला धर्मेंद्र म्हणाला. "राफेल."

कुणीतरी हसलं. डोमनलाल हसला नाही.

"ब्राझीलवरून येते अन् देवकाबाईच्या धान ठेवाच्या खोलीत राहते. कायले? गोंदियात हॉटेल नाही का? फाटकी लुंगी घालते, भंगारातली सायकल चालवते, अंबाडीची भाजी खाते. गोरा मानूस असा राहते का कुठी? सोंग आहे सारं. दिवसभर दुर्बीन लावून आमचे वावरं पाहून राहिला!"

राफाएलच्या तोंडात चिखल होता आणि तुटलेला दात. बोलता येईना. त्यानं उजवा हात वर केला आणि दोन बोटं दाखवली.

"दोन?" डोमनलालचा आवाज फाटला. "दोन्ही एकर पायजे तुमाले?"

त्यानं तो हात धुऱ्यावर दाबून धरला आणि त्या दोन बोटांवर काठीचा बुडखा हाणला. हाडं मोडल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

देवकाबाई मंडपातून धावत आली ती गळ्यातल्या टाळांसकट. सत्तरीची बाई, धुऱ्यावर दोनदा पडली. आली ती थेट राफाएलच्या अंगावर पालथी झाली. उगारलेली काठी थांबली नाही, धावताना तिच्या पाठीवर गेलेल्या टाळांवर आदळली. टण्णकन आवाज झाला, तेव्हा कुठं बाकीचे मागं सरले.

"काऊन मारून राहिले रे मुडद्यांनो? तिकडं कीर्तन चालू आहे देवाचं! सकाळपासून उपाशी आहे हा. काल्याचा परसाद घेऊनच जेवीन म्हणला."

"बाजूले हो काकी. यानं माही जमीन मोजली."

"कायनं मोजली?"

डोमनलालनं बोट दाखवलं. देवकाबाईनं डोळे बारीक करून धानाकडं पाहिलं.

"अरे, ते माहं लुगडं होय! परवा मीच फाडून देलं त्याले. सरकार माह्या लुगड्यानं जमीन मोजते का रे, डोमन?"

धर्मेंद्रनं काठी खाली केली.

"कायले मांगतलं त्यानं?" डोमनलालनं विचारलं.

"मी नाही इचारलं. लेकरानं फडकं मांगतलं, देलं."

"इचाराले पायजे होतं."

एवढं बोलून तो फडकी लावलेल्या बांधीत शिरला. रोवणी झाल्यापासून त्या मधल्या बांधीत राफाएलशिवाय कुणी उतरलं नव्हतं. धान कमरेला लागत होतं. राफाएल स्वतःच्या भाषेत काहीतरी ओरडला. देवकाबाईच्या हाताखालून सुटून तो कोपरांवर सरपटत निघाला.

डोमनलालनं पहिलं फडकं उपटलं, कामटी मोडून फेकली. दुसरं उपटलं. चौकोनात पाय टाकला तसा धानातून सारस उठला, माणसाएवढा, आणि पंख पसरून सरळ अंगावर आला. डोमनलालनं काठी फिरवली. ती पंखावर बसली. पक्षी कलंडला, सावरला, पुन्हा आला. त्याचा जोडीदार पलीकडच्या बांधीतून कर्कश ओरडत धावून येत होता. डोमनलाल आंधळ्यासारखी काठी हाणत मागं हटला, काड्यांच्या ढिगाऱ्यात अडखळला, तो ढिगारा पायांनी उधळत उभा राहिला. पायाखाली काहीतरी फुटलं.

त्यानं खाली पाहिलं. गढूळ पाण्यावर पिवळा बलक पसरत होता. त्यात पांढऱ्या, जाड कवचाचे तुकडे.

घरट्यातल्या दोन अंड्यांची खबर गावात फुटू नये म्हणून, सारस पाहायला आलेल्या राफाएलनं देवकाबाईलाही काही सांगितलं नव्हतं. खत फेकणाऱ्याचा पाय तिथं पडू नये, एवढ्यासाठीच ती चार फडकी होती.

भोंग्यावर हंडी फुटल्याचा गलका उठला. "घ्या रे बापांनो, काला घ्या," महाराज म्हणत होते, "उपाशी कोणी राहू नका."

दोन्ही सारस थोडं दूर जाऊन उभे होते. एकाचा पंख जमिनीला लागला होता.

राफाएल धानाच्या कडेला येऊन थांबला. त्यानं मोडलेला हात वर केला. दोन वाकडी बोटं. मग डाव्या हातानं त्यातलं एक त्यानं दुमडलं. वेदनेनं त्याचा जबडा आवळला गेला. उरलेलं एक बोट त्यानं डोमनलालच्या पायांकडं रोखलं.

डोमनलालच्या हातातून काठी गळाली. घरटं उधळलं होतं, पाणी ढवळलं होतं, तळ दिसत नव्हता. त्याचा एक पाय वर उचललेला होता. तो कुठं टेकवावा, हे त्याला कळेना.