सद्भावनेपोटी

“सर, साइन कर दीजिए. पूरा पैसा वापस मिल रहा है, और क्या चाहिए?”

बँकेतल्या तरुण अधिकाऱ्याने टोपण काढून पेन विनायकरावांच्या हातात दिलं. विनायकरावांनी ते घेतलं, पण कागदावर टेकवलं नाही. कागद इंग्रजीत होता, आणि त्यांची सारी हयात केंद्र सरकारच्या कचेरीत असलेच कागद वाचण्यात गेली होती. बँक ही रक्कम ‘सद्भावनेपोटी’ देत होती. तिची चूक झाली असं कुठेही म्हटलेलं नव्हतं. ग्राहक मंचातली तक्रार मागे घ्यायची, आणि या तडजोडीबद्दल कुणाजवळही चकार शब्द काढायचा नाही. काढला तर पैसे बँकेला परत.

पैसे विनायकरावांचे नव्हतेच, हीच तर गोम होती. ते दिल्लीच्या द्वारका वसाहतीतल्या मराठी मंडळाचे होते. मंडळ नवं, अजून नोंदणी झालेली नाही, म्हणून गणपतीची शिल्लक वर्गणी खजिनदाराच्याच नावाने ठेवायचं ठरलं होतं. खजिनदार म्हणजे विनायकराव. सेक्टरात तेव्हा नुकतीच काचेची नवी बँक उघडली होती. आत गारेगार हवा, ‘सर, सर’ करत पाणी विचारणारी पोरं. जन्मभर सरकारी बँकेच्या रांगेत घाम पुसलेला माणूस, भुलला बिचारा.

खात्याबरोबर बँकेने एक क्रेडिट कार्डही हातात कोंबलं. न मागता, जन्मभर फुकट. विनायकरावांनी ते पाकिटातून काढलंसुद्धा नाही. तरी त्या फुकट कार्डाला वार्षिक फी लागली, विमा लागला, फी थकवल्याचा दंड लागला आणि दंडावर व्याज चढलं. बिलं जात राहिली जुन्या ओळखपत्रावरच्या पत्त्यावर, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरवर, जिथून विनायकराव निवृत्त होऊन केव्हाच निघाले होते. मग एके दिवशी बँकेने सगळी वसुली परस्पर खात्यातूनच करून टाकली, आणि मंडळाची शिल्लक साफ झाली. तपशील मागायला गेले, तर “सिस्टिम में नहीं दिख रहा, सर.”

मंडळाच्या सभेत त्यांनी हे सगळं सांगितलं होतं. सांगून काय उपयोग?

“कार्ड तुमचं, खातं तुमचं,” मंडळाचा तरुण चिटणीस गुणवंत सगळ्यांसमोर म्हणाला होता, “मग खर्च कुणाचा, काका?”

लोक हसले. तेव्हापासून विनायकराव भाजी आणायलासुद्धा दोन सेक्टर पलीकडे जात. त्या दिवशी एकट्या वैजयंतीताई उठून उभ्या राहिल्या होत्या. त्या मंडळाच्या अध्यक्षा, निवृत्त मुख्याध्यापिका. आवाज असा खणखणीत की शेवटच्या बाकावरचाही सावरून बसावा.

“हा माणूस मंडळाच्या पैशाला हात लावणार नाही. ज्याला शंका असेल त्याने माझ्याशी बोलावं.”

त्या एका वाक्याच्या आधारावर विनायकरावांनी वर्ष काढलं होतं.

“काय करू?” त्यांनी शेजारी बसलेल्या बायकोला विचारलं.

“नाही म्हटलं तर?” कुमुदने विचारलं.

“तर तारखा. आपला वकील म्हणतो, अजून दोन-तीन वर्षं सहज. त्यांचा वकील तर दर तारखेला आजारीच पडतो.”

“आणि गणपती?”

गणपती पुढच्या महिन्यावर आले होते. मूर्तीची आगाऊ रक्कम द्यायलाही मंडळाकडे पैसा नव्हता. यंदा बसवायलाच नको, असं बोललं जात होतं, आणि कुणामुळे तेही बोललं जात होतं. विनायकरावांना ते जिव्हारी लागलं होतं.

“पण बँकेने पैसे दिले, हे मग कुणाला सांगता यायचं नाही,” ते म्हणाले.

“पैसे जागच्या जागी आले की लोकांची तोंडं आपोआप बंद होतील,” कुमुद म्हणाली. “तुमचं राहील ना बंद?”

“अगं, सरकारी नोकरीत दुसरं काय केलं?”

अधिकाऱ्याने घड्याळाकडे पाहिलं. विनायकरावांना एकदम थकल्यासारखं झालं. इतक्या मोठ्या बँकेपुढे आपण कोण, असं वाटलं. त्यांनी सही केली.

पैसे त्यांच्या खात्यात जमा झाले, आणि रविवारी सभेत त्यांनी तेवढ्या रकमेचा चेक टेबलावर ठेवला. गुणवंतने तो उचलून उजेडात धरला.

“बँकेने चूक कबूल केली म्हणायची?”

विनायकराव चष्मा पुसत राहिले. कुमुद मान खाली घालून पदराचं टोक चाळवत होती.

“मला त्याबद्दल काही बोलता येणार नाही,” ते म्हणाले. “रक्कम पूर्ण आहे.”

“चेक तर बँकेचा नाही, तुमच्याच खात्याचा दिसतोय.”

“हो. माझ्याच.”

मग गुणवंतने चेक घडी करून खिशात टाकला. “चलो, गणपती बसले!” तो म्हणाला, आणि टाळ्या वाजल्या. कुणीतरी सामोसे पुढे केले. विनायकरावांनी सुटकेचा निःश्वास सोडला. कुमुदचं म्हणणं खरं ठरलं होतं. तोंडं बंद झाली होती.

सभा संपली. ते चपला घालत होते, तेवढ्यात वैजयंतीताई जवळ आल्या आणि त्यांना जिन्याच्या कोपऱ्यात घेऊन गेल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. वर्षभर ज्या आवाजाने विनायकरावांना तारलं, तो आज पहिल्यांदाच खाली आला होता.

“अडचण होती, तर माझ्याकडे मागायचे होतेत ना, विनायकराव,” त्या म्हणाल्या. “मी दिले असते हो.”