घोट्याची साक्ष

घोट्यातल्या कूर्चेला बसलेला धक्का आता पडद्यावर सिनेमासारखा दिसतो, हे शरयूताईंना ठाऊक नव्हतं.

"सुनेनं लादी ओली ठेवली, घसरले," महिनाभर सोसायटीला सांगितलेलं त्यांनी डॉक्टरांनाही सांगितलं. सून मुग्धा महिनाभर "चुकलं माझं, आई," म्हणत घोटा शेकत होती. आत्ताही तिची मान खालीच होती.

पडद्यावर पावलं जागच्या जागी गरगर फिरली आणि एक मुरगळलं.

"आजी, ही फुगडी आहे," डॉक्टर म्हणाले. "कूर्चा फाटलीय, हाडालाही चीर आहे."

"शेजारच्या मंगळागौरीत?" मुग्धानं विचारलं. "मला म्हणालात, नुसती बघायला जाते."

शरयूताईंनी डॉक्टरांकडे पाहिलं. "बरं होईल ना?"

"हाड होईल."

मुग्धा सवयीनं त्यांना चप्पल घालायला वाकली. शरयूताईंनी पाय मागे ओढला. कळ मस्तकात गेली, पण त्यांनी हूं की चूं केलं नाही.